निरंक

अण्णांनी नावाच्या रकान्यात 'र' टाइप केला आणि रकाना लाल झाला. खाली ओळ उमटली: 'नाव किमान तीन अक्षरी असावे.' अण्णांनी कीबोर्डवरचे हात उचलले, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, मी अजून लिहितोय."

फॉर्म मी केलेला होता. एका पतसंस्थेच्या कर्ज-अर्जाचं काम आमच्या छोट्याशा कंपनीकडे आलं होतं. सात पानं, साठेक रकाने. टेस्टिंगवाल्यांनी तो पास केला होता. रविवारी गावी आले होते, लॅपटॉप उघडाच होता, आणि अण्णा म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाचत आलेला माणूस. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. म्हटलं, बघू दे त्यांना. कौतुकाची अपेक्षा होती, हे कशाला लपवू?

पत्त्याच्या रकान्यात आणखी गंमत झाली. अण्णांनी 'मु.' लिहिलं, स्पेसबार दाबला, काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. मग 'पो.' लिहिलं ते 'मु.'ला चिकटून बसलं. मिनिटभरात आमचा सगळा पत्ता, गाव तालुका जिल्ह्यासकट, एका लांबलचक शब्दात उभा राहिला. मला कारण लगेच कळलं आणि कान गरम झाले. लोक पत्त्याच्या शेवटी फालतू जागा सोडतात म्हणून मी ती छाटायची सोय केली होती. पण ती केली होती प्रत्येक अक्षरागणिक. शब्द लिहून जागा सोडली की त्या क्षणी ती शेवटचीच जागा असते. माझा कोड इमानेइतबारे ती खाऊन टाकत होता.

ही चूक नवखी पोरं करतात. मी बारा वर्षं हेच काम करतेय.

वेब-फॉर्मचं काम आमच्या धंद्यात कमी प्रतीचं समजतात. आर्किटेक्चरवर भाषणं होतात, डेटाबेसवर वाद होतात, आणि फॉर्म नव्या मुलाकडे ढकलला जातो. 'साधा फॉर्म आहे, दोन दिवसांत होईल.' साधा फॉर्म मी अजून पाहिलेला नाही. एका रकान्याचं दुखणं बघा: त्यात आत्ता काय लिहिलंय, सुरुवातीला काय होतं, माणूस तिथे जाऊन आला का, त्याने काही बदललं का, जे आहे ते नियमात बसतं का, बसत नसेल तर ते आत्ता सांगायचं की नंतर, आणि सर्व्हर त्याबद्दल काय म्हणाला. साठ रकाने असतील तर हा हिशोब साठ वेळा, शिवाय एकमेकांत गुंतलेला. यालाच आम्ही 'फॉर्म स्टेट' म्हणतो.

अँग्युलर या वेब-पानं बांधायच्या साधनाने या अवस्थांना नावं दिली: ज्याला कुणी हात लावून बदललं नाही तो 'प्रिस्टीन', बदललेला तो 'डर्टी', आणि जिथे माणूस जाऊन बाहेर पडला तो 'टच्ड'. आमच्या टीममध्ये मी त्यांना सोवळा, ओवळा आणि उष्टा म्हणते. पहिल्यांदा लोक हसले, आता सगळेच वापरतात. उष्ट्या रकान्यालाच चूक दाखवायची, हा नियम त्यामुळे पोरांच्या डोक्यात पक्का बसला. अण्णांचा नावाचा रकाना अजून उष्टा व्हायचा होता. तोंडात घास असतानाच मी विचारत होते, 'जेवण झालं का?'

मग केव्हा बोलायचं? मी आता असं करते: माणूस रकान्यातून बाहेर पडेपर्यंत गप्प बसायचं. बाहेर पडल्यावर चूक असेल तर सांगायचं. तो दुरुस्त करायला परत आला की मात्र प्रत्येक अक्षराला तपासायचं, म्हणजे बरोबर झालं की लाल रंग त्याच क्षणी जातो, त्याला आणखी एकदा बाहेर पडून यावं लागत नाही. रिअ‍ॅक्ट हुक फॉर्म या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, मूळ सेटिंग तर याहून सोशिक आहे. ती पहिल्यांदा 'पाठवा' दाबेपर्यंत तोंड उघडत नाही आणि त्यानंतर प्रत्येक बदलाला तपासते. मी ती सेटिंग मुद्दाम बदलून पहिल्या अक्षरालाच ओरडणारी केली होती. 'युजरला तात्काळ फीडबॅक' असं त्या मीटिंगमध्ये मीच म्हणाले होते.

चहा झाल्यावर अण्णांनी जे सांगितलं, त्यात मला माझा अख्खा व्यवसाय दिसला. हाताने सात-बारा लिहायचे त्या काळातली गोष्ट. जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला की तलाठी फेरफाराची नोंद करतो. ती गाव नमुना सहा या फेरफारांच्या वहीत. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. तोवर सात-बाऱ्यावर ती नोंद पेन्सिलीने. मंडळ अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित केली की मग शाईने. नामंजूर झाली की खोडरबर.

"म्हणजे पेन्सिलीची नोंद खोटी नसते," अण्णा म्हणाले. "पण तिच्यावर कर्ज देत नाहीत."

फेरफाराला इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. आमच्याकडेही सर्व्हरवरची माहिती बदलण्याला म्युटेशनच म्हणतात. आणि सर्व्हरचं उत्तर येण्याआधीच स्क्रीनवर बदल झाल्यासारखा दाखवायचा, नकार आला तर गुपचूप मागे घ्यायचा, ही जी युक्ती आम्ही 'ऑप्टिमिस्टिक अपडेट' म्हणून मिरवतो, ती तलाठ्याच्या कानावरची पेन्सिल आहे. अण्णांना मी हे समजावून सांगितलं. त्यांना फारसं नवल वाटलं नाही.

मला मात्र आमच्या जुन्या भांडणांचं मूळ त्यात सापडलं. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा लिहिली, तेव्हा तिच्या पहिल्यावहिल्या कामांपैकी एक हेच होतं: मोडेमच्या रांगत्या लाइनवरून अर्ज सर्व्हरपर्यंत जाऊन 'नाव राहिलं' एवढं ऐकून परत येण्याऐवजी ते ब्राउझरमध्येच तपासावं. म्हणजे ब्राउझरमधली तपासणी सोयीसाठी आली, पहाऱ्यासाठी नाही. ब्राउझर ज्याच्या हातात आहे तो ती दोन मिनिटांत काढून टाकू शकतो. तरी मी असे सर्व्हर पाहिलेत, जिथे 'फ्रंटएंडला तपासलंय ना' म्हणून मागे काहीच तपासत नाहीत. पेन्सिलीच्या नोंदीवर सरळ कर्ज.

उलटीकडचा दोषही आम्ही केला. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट हे वेब-पानं बांधायचं साधन सगळ्यांसाठी खुलं झालं, २०१५ मध्ये सगळी माहिती एका जागी ठेवणारं रिडक्स आलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं आम्ही भक्तिभावाने प्रत्येक गोष्ट त्या एका मध्यवर्ती साठ्यात कोंबली. फॉर्मसुद्धा. आडनावाचं एक अक्षर लिहिलं की ते अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनच्या दप्तरात नोंदवायचं, मग तिथून परत रकान्यात आणायचं. मोठ्या फॉर्मवर टाइप करताना अक्षरं मागून रेंगाळत यायची. पुढे शहाणपण आलं. फॉर्म चालू असतानाची माहिती ही त्या फॉर्मची खासगी बाब, तिचं आयुष्य 'पाठवा' दाबेपर्यंत, ती तिथेच ठेवावी. हल्लीच्या लायब्ररी तर शक्य तिथे ती ब्राउझरच्या रकान्यातच राहू देतात आणि लागेल तेव्हा वाचून घेतात. पेन्सिलीने लिहिलेलं कुणी तालुक्याच्या रेकॉर्ड-रूमला पाठवत नाही. पण हे कळायला आम्हाला काही प्रकल्प जाळावे लागले.

तिसऱ्या पानावर जमिनीचं क्षेत्र होतं. अण्णांनी सात-बारा काढला, बघून लिहिलं: ०.८१.००. फॉर्म म्हणाला, 'कृपया वैध संख्या लिहा.'

"संख्या कुठे आहे ही?" अण्णा म्हणाले. "शून्य हेक्टर, एक्क्याऐंशी आर, शून्य चौरस मीटर."

दोन टिंबं. दशांशचिन्हाशी त्यांचा संबंध तारखेतल्या टिंबांइतकाच. मी थोडी खोलात गेले आणि घाबरले. कारण आमच्याच दुसऱ्या एका जुन्या फॉर्ममध्ये हाच आकडा 'पार्सफ्लोट' नावाच्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनमधून जात होता, आणि ते फंक्शन दुसऱ्या टिंबाशी थांबून, मिळालं तेवढं गोड मानून घेतं. ०.८१.०० चं ०.८१ होतं, म्हणजे बरोबर. १.०५.०० चं १.०५, तेही बरोबर. पण एखाद्याने घाईत एक हेक्टर पाच आर हे १.५.०० असं लिहिलं, की त्याचं दीड हेक्टर झालं. पंचेचाळीस आर जमीन हवेतून. चूक दाखवणारा फॉर्म त्रास देतो. हा चूक न दाखवता हसून पुढे जाणारा होता. एकराचं तर बोलायलाच नको. एकराचे गुंठे चाळीस. त्यामुळे गावात कुणी 'एक वीस' म्हणालं तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. माझ्या कॉलेजात शिकलेल्या डोक्याला ते एक पूर्णांक दोन दशांश.

आता तिथे तीन वेगळे छोटे रकाने आहेत. डिझायनर नाराज झाली, स्क्रीन गचाळ दिसते म्हणाली. दिसू दे.

पिनकोडचीही हीच कथा. मुळात तो आपल्याच माणसाचा: श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी आणि केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला तो लागू झाला. सहा आकडे, पहिला कधीच शून्य नाही, महाराष्ट्राचे चाळीस ते चव्वेचाळीसने सुरू होणारे, त्यातले ४०३ गोव्याचे. इतका नेटका नियम की तपासताना आनंद व्हावा. पण अण्णा तो पाकिटावर लिहितात तसा लिहिणार, तीन आकडे, जागा, तीन आकडे. माझा फॉर्म त्यावर 'फक्त ६ अंक' म्हणून अडून बसणार. जागा काढून टाकायला मला एक ओळ लागते. ती न लिहिता मी सत्तरीच्या माणसाला कामाला लावते. मोबाइल नंबरचंही तेच. आपण तो जोड्या-जोड्यांनी बोलतो, 'अठ्ठ्याण्णव, बावीस', तसाच लिहितो. पुढे शून्य किंवा अधिक एक्क्याण्णव लावतो. हे सगळं आधी घ्यावं, साफ करावं, मग नियमाला लावावं. आधी छाटणी आणि मग तपासणी. फक्त छाटणी रकान्याबाहेर पडल्यावर. पत्त्यावरून मी शिकले.

आणि खरं सांगायचं तर सगळेच नियम उर्मट नसतात. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. याकोबुस व्हेरहुफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ती रीत आहे. एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की हमखास पकडते. माणूस खरा आहे का, त्याचं वय किती, त्याला कर्ज द्यावं का, यातलं ती काही बोलत नाही. 'तुमचं बोट घसरलं बहुधा' एवढंच म्हणते. असा नियम लिहिताना मला बरं वाटतं.

अण्णा पाचव्या पानावर आले आणि थांबले. 'इतर वित्तीय संस्थांकडील कर्जाचा तपशील.' त्यांनी लिहिलं, 'निरंक.' फॉर्मला तिथे रक्कम हवी होती. पुन्हा लाल.

"मग शून्य लिहा," मी म्हटलं.

"शून्य कर्ज कसं असेल? कर्जच नाहीये."

"मग रिकामं सोडा."

"रिकामं सोडलं तर तुला कसं कळणार की मी वाचलं?"

महसूल खात्यात दर महिन्याला वरच्या कचेरीत अहवाल जातात. नैसर्गिक आपत्तीत किती जनावरं दगावली, किती घरं पडली. काहीच झालं नसेल तर अहवाल जात नाही असं नाही. अहवाल जातोच, आणि त्यावर लिहिलेलं असतं 'निरंक'. कोरा कागद म्हणजे तुम्ही पाहिलंच नाही. निरंक म्हणजे पाहिलं, मोजलं, काही नव्हतं, खाली सही. आणि 'लागू नाही' हे आणखी तिसरंच. ज्या गावात नदीच नाही, तिथे पुराच्या नुकसानीपुढे ते लिहायचं.

मी गप्प झाले, कारण आमच्याकडे या तिन्हींसाठी शब्द आहेत आणि आम्ही ते वापरत नाही. जावास्क्रिप्टमध्ये 'अनडिफाइन्ड' आहे, म्हणजे किंमत दिलीच नाही; 'नल' आहे, म्हणजे मुद्दाम काही नाही; आणि रिकामी स्ट्रिंग आहे, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. भाषेने चांगली तीन भांडी दिलीत. पण रिअ‍ॅक्टमध्ये रकान्याला सुरुवातीला अनडिफाइन्ड दिलं आणि मागाहून किंमत दिली, तर कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरमधल्या प्रोग्रामरसाठीच्या खिडकीत, इशारा येतो की हा रकाना आधी मोकळा होता, आता ताब्यातला झाला. नल दिलं तरी तो कुरकुरतो. त्या इशाऱ्याला कंटाळून आम्ही सगळीकडे सुरुवातीला रिकामी स्ट्रिंग ठोकतो. तीच सर्व्हरला जाते, तीच डेटाबेसात बसते. सहा महिन्यांनी कुणी विचारतं, 'यांना कर्ज नाही, की यांनी सांगितलं नाही?' आणि कुणालाच सांगता येत नाही.

मी त्या रात्री परत पुण्याला आले आणि मॅनेजरला म्हटलं, हा फॉर्म जिथे भरला जाणार आहे तिथे मला एक दिवस बसू द्या. त्याने विचारलं, किती तास बिल करायचे. ते असो.

तालुक्याच्या गावातलं एक सेवा केंद्र. दोन संगणक, एक प्रिंटर, बाहेर बाकावर दहा-बारा माणसं. ज्यांच्यासाठी मी फॉर्म केला ती माणसं त्याला हात लावतच नव्हती. ती बोलत होती, आणि काउंटरवरची मुलगी टाइप करत होती. बावीस-तेवीसची असेल, सगळे तिला ताई म्हणत होते, तिच्या आजोबांच्या वयाचेसुद्धा. मी तिच्या मागे स्टूल टाकून बसले.

पहिल्या अर्ध्या तासात कळलं की माझे सगळे 'अनिवार्य' रकाने म्हणजे तिच्यासाठी गतिरोधक आहेत, आणि तिला प्रत्येकाची बाजूची वाट माहीत आहे. ईमेल अनिवार्य? केंद्राचा ईमेल. दूरध्वनी? नऊचा आकडा, दहा वेळा. मधलं नाव? एक टिंब. कुठे कुठे नुसता स्पेसबार, कारण ब्राउझरची 'रिक्वायर्ड' ही तपासणी रकाना अगदी रिकामा आहे का एवढंच पाहते, आणि एक मोकळी जागा तिच्या दृष्टीने भरलेली असते. मी अनिवार्य केलं तेवढं खोटं वाढलं होतं. तेही तिच्या हातून, आणि तिचा त्यात काही दोष नव्हता. बाकावर दहा माणसं होती.

मग साठीच्या एक बाई आल्या. ताईने 'वैवाहिक स्थिती'मध्ये 'विधवा' निवडलं, पुढचं भरलं, 'पुढे जा' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण दबत होतं, पान हलत नव्हतं, लाल काही दिसत नव्हतं. मी पुढे सरकले, पण ताई शांत होती. तिने वर जाऊन 'विवाहित' निवडलं. खाली 'पतीचा व्यवसाय' हा रकाना उघडला. त्यात टिंब टाकलं. परत वर जाऊन 'विधवा' केलं. रकाना मिटला. 'पुढे जा' दाबलं. पान पुढे गेलं.

"हे नेहमीचंच आहे मॅडम," ती म्हणाली. "कुणी केलाय काय माहीत."

कुणी केलाय ते मला माहीत होतं. लपवलेला रकाना मी नुसता दिसेनासा केला होता. त्याचं अनिवार्यपण काढलं नव्हतं. ब्राउझर पाठवण्याआधी सगळे रकाने तपासतो, लपलेलेही. त्याला तो रिकामा सापडतो, त्यावर बोट ठेवून दाखवायला जातो, तर रकाना पडद्यावर नाहीच. मग क्रोम डेव्हलपरच्या कन्सोलवर एक ओळ लिहितो की चुकीच्या रकान्यावर फोकस नेता येत नाही, आणि माणसाला काहीच न सांगता थांबतो. ती ओळ वाचायला केंद्रात कुणी कन्सोल उघडून बसलेलं नसतं. आम्ही टेस्टिंगमध्ये प्रत्येक वेळी 'विवाहित' हाच पहिला पर्याय निवडला होता.

त्या बाई हे सगळं पाहत होत्या. त्यांना स्क्रीन वाचता येत होती. "आता कशाला त्यांचा धंदा?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून पुढचा कागद काढला.

आणखी एक गोष्ट त्या स्टुलावरूनच दिसली. वीज जाते म्हणून मी अर्धवट फॉर्म ब्राउझरमध्ये आपोआप साठवून ठेवायची सोय केली होती, आणि तिचा मला अभिमान होता. दुपारी वीज गेली, आली, ताईने फॉर्म उघडला आणि समोर आधीच्या माणसाचं उत्पन्न, खाते क्रमांक, सगळं भरलेलं. नवा माणूस तिच्या शेजारी उभा राहून ते वाचत होता. घरच्या लॅपटॉपवर जी सोय, ती सामायिक संगणकावर चहाडी. मी ती सोय काढली नाही. मसुदा आता अर्ज-क्रमांकाला बांधलेला आहे, सर्व्हरवर राहतो आणि मोबाइलवर आलेला ओटीपी दिल्याशिवाय उघडत नाही. ताईला ते आवडलेलं नाही. ओटीपीसाठी म्हाताऱ्यांच्या पिशवीतून फोन शोधून काढावा लागतो.

नावांचं सांगायचं राहिलंच. मूळ फॉर्मच्या नावाच्या रकान्यात 'ए ते झेड' एवढीच अक्षरं चालत होती. देवनागरी चालायला हवी म्हणून मी आधुनिक उपाय केला. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या नमुन्यात, युनिकोड या जागतिक अक्षर-यादीतला 'अक्षर' हा वर्ग घातला, जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं त्यात येतात. 'मदन' चाललं, 'कमल' चाललं, मी खूश. 'प्रिया' अडली. युनिकोडच्या लेखी 'प' आणि 'र' ही अक्षरं, पण पाय मोडायचा हलन्त आणि वेलांटी ही 'चिन्हं', म्हणजे वेगळा वर्ग. काना-मात्रा-वेलांटी नसलेली माणसंच माझ्या फॉर्ममधून आत येत होती.

तो वर्ग घातला. मग एका आडनावावर अडलं, ज्यात 'ऱ्ह' होता. सात-बाऱ्यावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळतं का, हे आम्ही तपासत होतो. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखी, संगणक म्हणे वेगळी. त्या अर्ध्या 'र'ची चंद्रकोर दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह. एका कीबोर्डवरून पहिली येते, दुसऱ्यावरून दुसरी. युनिकोडचं प्रमाणीकरण लावलं तरी ही दोन एक होत नाहीत. ते आपल्यालाच हाताने करावं लागतं. वर सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी सगळी अदृश्य चिन्हं गाळायचा नियम लावला होता, त्यामुळे काही लोकांच्या 'र'ची कोर जाऊन तिथे रफार झाला. आडनावच बदललं. एका माणसाचं स्वतःचं आडनाव त्याच्या स्वतःच्या आडनावाशी जुळत नव्हतं, आणि स्क्रीनवर लिहिलेलं होतं, 'कृपया आपले नाव योग्य लिहा.'

आकड्यांचंही तसंच. मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर आकडेही कधी कधी देवनागरीत येतात. जावास्क्रिप्टची 'अंक' ही कल्पना इंग्रजी शून्य ते नऊ इथेच संपते; 'बारा' देवनागरीत दिलं की उत्तर येतं, ही संख्या नाही. दहा आकड्यांची अदलाबदल करायचं चार ओळींचं फंक्शन आहे. या सगळ्या कामात मी लिहिलेला तो सगळ्यात उपयोगी कोड असावा.

दिवाळीला फॉर्मची नवी आवृत्ती घेऊन घरी गेले. साठातले अनिवार्य रकाने आता बावीसच उरलेत, आणि त्यातल्या प्रत्येकासाठी मी पतसंस्थेच्या लोकांशी भांडलेय. ज्या रकान्यांना ते शोभतं, तिथे शेजारी दोन छोटी बटणं आहेत: 'निरंक' आणि 'लागू नाही'. त्यांची किंमत डेटाबेसात वेगवेगळी जाते. सर्व्हरवरचे नियम आणि ब्राउझरमधले नियम एकाच ठिकाणी लिहिलेत, दोन्हीकडे तेच चालतात, पण शाईने लिहिण्याचा अधिकार सर्व्हरचा.

अण्णांनी निगुतीने फॉर्म भरला. नाव लिहून होईपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही. पत्त्यात जागा सुटल्या. क्षेत्र तीन रकान्यांत गेलं. कर्जापाशी त्यांनी 'निरंक'चं बटण पाहिलं, काही बोलले नाहीत, दाबलं.

मग जन्मतारीख. त्यांनी टाकली १ जून. गावातल्या त्यांच्या वयाच्या निम्म्या माणसांची तीच असते. शाळा जूनला उघडायची, नाव घालायला वय भरायला हवं, तारीख कुणालाच माहीत नसायची, आणि मास्तर दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. आजी सांगायची, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंग हाताला लागलेला असताना तिला कळा सुरू झाल्या. बेंदूर आषाढातला.

तारीख आठ अंकी होती, भविष्यातली नव्हती, वय अठराच्या वर येत होतं, आधारशी आणि शाळेच्या दाखल्याशी जुळत होती. रकान्याच्या कडेला हिरवी खूण आली आणि अण्णा पुढच्या पानावर गेले.